एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला: कलम २०(२) ची गोष्ट

(भिवंडी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



इथे वर येण्याआधी खाली चहा घेत होतो, तेव्हा एक यंत्रमाग कारखानदार भेटले. त्यांनी आजच्या व्याख्यानाचा फलक वाचला होता. म्हणाले, "सर, एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालत नाही असं तुम्ही सांगणार आहात ना? मग माझं ऐका. माझ्या कारखान्याच्या मीटरवर तपासणी झाली, वीजचोरीचं बिल काढलं. मी व्याजाने पैसे उचलून ते भरलं. लाइट परत आली. मला वाटलं, मिटलं प्रकरण. आणि आता कोर्टाचं समन्स आलंय. पैसेही घ्यायचे आणि खटलाही भरायचा, हे दोनदा नाही का?"

मी त्यांना म्हटलं, शेवटपर्यंत थांबा, तुमचं उत्तर तिथे आहे. कारण या प्रश्नाचं सरळ 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर दिलं, तर ते अर्धवट राहील. त्यांनी जे विचारलं, जवळपास तेच १९५० साली मुंबईत एका माणसाने विचारलं होतं. त्या वेळी आपलं संविधान लागू होऊन जेमतेम साडेचार महिने झाले होते. त्याला मिळालेल्या उत्तरावर आजही आपली न्यायालयं चालतात.

आधी कलम बघू. संविधानाचं कलम २० हे आरोपीचं कलम आहे. त्याचे तीन भाग. पहिला सांगतो की, एखादी गोष्ट केली तेव्हा ती गुन्हा नसेल, तर नंतर कायदा करून तुम्हाला तिच्यासाठी शिक्षा करता येणार नाही. तिसरा सांगतो की, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. आपला विषय मधला, दुसरा भाग. त्याचा आशय असा: एकाच अपराधासाठी कोणत्याही व्यक्तीवर एकापेक्षा अधिक वेळा खटला चालवून तिला शिक्षा करता येणार नाही. वाक्य एका ओळीचं आहे. पण त्यात दोन शब्द 'आणि'ने जोडलेले आहेत: खटला आणि शिक्षा. आजची सगळी गोष्ट त्या 'आणि'ची आहे. तो लक्षात ठेवा.

कल्पना मात्र फार जुनी आहे. बाराव्या शतकात इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि आर्चबिशप थॉमस बेकेट यांचं मोठं भांडण झालं. भांडणाचा एक मुद्दा असा, की एखाद्या धर्मगुरूने गुन्हा केला आणि चर्चच्या न्यायालयाने त्याला शिक्षा केली, तर त्याच गोष्टीसाठी राजाने त्याला पुन्हा शिक्षा करावी का? बेकेट म्हणाला, नाही. ११७० साली कँटरबरीच्या चर्चमध्ये बेकेटची हत्या झाली. पण तत्त्व मेलं नाही. पुढे इंग्रजी कायद्यात आरोपीला दोन बचाव मिळाले: 'मी यातून आधीच सुटलो आहे' आणि 'मला याची शिक्षा आधीच झाली आहे'. दोनपैकी एक जरी सिद्ध झाला तरी दुसरा खटला तिथेच थांबायचा. १७९१ मध्ये अमेरिकेने हे तत्त्व आपल्या घटनेच्या पाचव्या दुरुस्तीत घातलं.

आणि आपल्याकडे? लोकांना वाटतं हे संरक्षण १९५० मध्ये आलं. तसं नाही. इंग्रजांच्या काळातल्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४०३ होतं. ज्याच्यावर सक्षम न्यायालयात खटला चालला आणि तो दोषी ठरला किंवा निर्दोष सुटला, त्याच्यावर तो निकाल अमलात असेपर्यंत त्याच अपराधासाठी पुन्हा खटला नाही. बघा, 'दोषी ठरला किंवा सुटला'. दोन्ही. शिवाय १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमात कलम २६ होतं: एक कृत्य दोन कायद्यांखाली अपराध ठरत असेल, तर दोन्हीपैकी कोणत्याही कायद्याखाली खटला भरा, पण त्याच अपराधासाठी शिक्षा दोनदा नको.

आता संविधान सभेत येऊ. मसुद्यात हे कलम १४ होतं आणि त्याची चर्चा डिसेंबर १९४८ मध्ये झाली. मसुद्यातला शब्द होता फक्त शिक्षा: एकाच अपराधासाठी एकापेक्षा अधिक वेळा शिक्षा नाही. त्यावर सभेत शंका निघाली. समजा, एका सरकारी नोकराने लाच घेतली. खात्याने चौकशी करून त्याला कामावरून काढलं. आता तो म्हणेल, मला शिक्षा झाली, कोर्टात नेऊ नका. किंवा उलट, कोर्टाने तुरुंगात धाडलं तर म्हणेल, आता नोकरीवरून काढू नका. हे टाळायचं कसं? तर 'शिक्षा'च्या आधी 'खटला' हा शब्द घातला गेला. खटला चालवून शिक्षा, असं एकत्र. खात्याची कारवाई बाहेर राहिली.

हेतू समजण्यासारखा होता. पण एक शब्द आत आला की तो फक्त सरकारी नोकरापुरता राहत नाही. त्याची पहिली मोठी परीक्षा सांताक्रूझच्या विमानतळावर आलेल्या एका प्रवाशाच्या निमित्ताने झाली.

६ नोव्हेंबर १९४९. संविधान सभेने संविधान स्वीकारायला अजून वीस दिवस होते. मकबूल हुसेन नावाचे एक भारतीय नागरिक जेद्दाहून सांताक्रूझला उतरले. सोनं जवळ असल्याचं त्यांनी सांगितलं नाही. झडतीत १०७.२ तोळे सोनं निघालं, म्हणजे आजच्या मापात साधारण सव्वा किलो. बाहेरून सोनं आणण्यावर ऑगस्ट १९४८ च्या अधिसूचनेने बंदी होती. कस्टम्सने १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्याखाली १९ डिसेंबर १९४९ ला आदेश काढून सोनं जप्त केलं. सोबत पर्याय दिला: चार महिन्यांत १२,००० रुपये दंड भरा आणि सोनं सोडवून न्या. १९४९ चे १२,००० रुपये. कोणी सोडवायला आलं नाही.

२६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. २२ मार्च १९५० ला मुंबईच्या मुख्य प्रेसिडेन्सी दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात त्याच सोन्यावरून दुसरी तक्रार दाखल झाली. या वेळी कायदा दुसरा, १९४७ चा परकीय चलन नियमन कायदा. १२ जूनला मकबूल हुसेन उच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस तोच, सोनं तेच, अधिसूचना तीच. माझं सोनं सरकारने घेतलं, ही शिक्षा नाही तर काय? आता दुसरा खटला कशाला?

म्हणजे आपल्या चहावाल्या कारखानदारांचाच प्रश्न. फक्त विजेच्या जागी सोनं.

१७ एप्रिल १९५३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो न्यायमूर्ती नटवरलाल भगवती यांनी लिहिला. न्यायालयाने प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. सोनं जाणं दुखतं का, हा प्रश्नच नाही, ते दुखणारच. प्रश्न असा, की ते घेणारं न्यायालय होतं का? कस्टम्सचा अधिकारी साक्षीदाराला शपथ देऊ शकत नाही. पुराव्याचे नियम त्याला बांधत नाहीत. त्याच्यापुढे चालतं ते महसूल वसूल करण्याचं, माल अडवण्याचं काम. तिथे 'खटला' चालला असं म्हणता येत नाही. म्हणून जप्ती कितीही मोठी असली तरी ती कलम २०(२) मधली 'खटला चालवून केलेली शिक्षा' नव्हे. फौजदारी खटला पुढे चालू द्या.

पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, व्यंकटरामन यांच्या प्रकरणात हेच तत्त्व सरकारी नोकरांना लागू झालं. ते केंद्र सरकारचे वरिष्ठ सनदी अधिकारी. १८५० च्या लोकसेवक चौकशी कायद्याखाली त्यांची रीतसर चौकशी झाली. तिथे आरोपपत्र होतं, साक्षीदार शपथेवर तपासले गेले, उलटतपासणीही झाली. बाहेरून बघितलं तर खटलाच वाटावा. शेवटी ते बडतर्फ झाले. मग भ्रष्टाचाराचा फौजदारी खटला आला. न्यायालय म्हणालं, चौकशीचं काम तथ्य शोधून सरकारला सांगण्याचं होतं. शिक्षा देण्याचा अधिकार त्या चौकशीला नव्हता. म्हणून तो पहिला खटला नव्हे.

भिवंडीकरांना हा फरक दुसऱ्या एका जागेवरूनही समजेल. मे १९७० च्या दंगलीनंतर न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा चौकशी आयोग बसला. भिवंडी, जळगाव, महाड असं त्याचं काम. शेकडो पानं, साक्षी, निष्कर्ष. पण आयोगाने ठपका ठेवला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, आणि आयोगाने नाव घेतलं नाही म्हणून कोणी सुटत नाही. आयोगाचा अहवाल हा निकाल नसतो. तो शिक्षा करत नाही, म्हणून तो पुढचा खटलाही अडवत नाही. 'चौकशी झाली की' असं आपण सहज म्हणतो, पण कलम २०(२) च्या हिशोबात चौकशी मोजलीच जात नाही.

इथवर भिंतीची पहिली बाजू झाली: पहिली कारवाई न्यायालयातली हवी. दुसरी बाजू आहे 'एकच अपराध' म्हणजे काय.

इथेही मुंबई राज्यातलंच प्रकरण आहे. मुंबई राज्य विरुद्ध एस. एल. आपटे, निकाल डिसेंबर १९६० चा. एका विमा कंपनीच्या पैशांचा मामला होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ४०९ खाली, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या पैशाच्या अपहाराबद्दल, शिक्षा झाली. शिवाय १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम १०५ चा आरोपही होता. उच्च न्यायालयाला वाटलं, पैसे तेच, व्यवहार तोच, मग दुसरी शिक्षा कशी टिकेल? सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पैसे कोणते हे बघू नका, अपराध कशाकशाने बनतो ते बघा. कलम ४०९ ला पैसे 'सोपवलेले' असावे लागतात आणि अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो. विमा कायद्याच्या कलमाला त्या गोष्टी त्याच स्वरूपात लागत नाहीत. घटक वेगळे, म्हणून अपराध वेगळे. घटना एक असली तरी.

सोप्या भाषेत सांगायचं तर न्यायालय काय घडलं ते मोजत नाही, कलमं मोजतं.

या शहरात सूत आणि ग्रे कापडाचा धंदा उधारीवर चालतो. उधारी म्हटली की चेक आला, आणि चेक म्हटला की कधीतरी तो परत आला. चेक वटला नाही म्हणून पराक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८ लागतं. मग समोरचा म्हणतो, माल घेतानाच याचा पैसे द्यायचा विचार नव्हता, ही फसवणूक आहे. म्हणून ४२० ही लावतो. एकच चेक, दोन खटले. चालतील का? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने म्हटलं, चालणार नाहीत, कारण त्याच तथ्यांवर एकदा खटला झाला. २०१२ मध्ये संगीताबेन पटेल प्रकरणात दुसऱ्या खंडपीठाने म्हटलं, चालतील, कारण १३८ ला फसवण्याचा हेतू लागत नाही आणि ४२० ला लागतो. २०२२ मध्ये हा मतभेद मोठ्या खंडपीठाकडे पाठवण्यात आला. म्हणजे आपटे प्रकरणाला साठ वर्षं होऊन गेली तरी रोजच्या बाजारातला हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

घटकांची हीच कसोटी परवा आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली, पण ओळखली नाही. २६/११ च्या हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा. २०११ मध्ये शिकागोत ज्यूरीने त्याला मुंबईच्या कटाच्या आरोपातून सोडलं. डेन्मार्कमधल्या कटात आणि लष्कर-ए-तैयबाला मदत केल्याबद्दल दोषी धरलं. नंतर भारताने त्याला मागितलं. त्याचा बचाव काय? मुंबईसाठी माझ्यावर खटला झाला आहे, आणि भारत-अमेरिका प्रत्यार्पण करारात दुहेरी खटल्याला मनाई आहे. इथे आपलं संविधान नव्हतं, करार होता, आणि तपासणारं न्यायालय अमेरिकेचं होतं. तरी २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तीच वाट धरली: कृत्य एक आहे का ते नव्हे, अपराधांचे घटक एक आहेत का ते बघायचं. ते वेगळे होते. एप्रिल २०२५ मध्ये राणाला भारतात आणलं गेलं. आपल्यातल्या बहुतेकांना तेव्हा बरं वाटलं असेल. मलाही वाटलं. पण लक्षात घ्या, ज्या कसोटीने राणा इथे आला, तिनेच चेकवाल्या व्यापाऱ्यावर दुसरा खटला येऊ शकतो. कसोटी माणूस बघून बदलत नाही. बदलू नये.

आता मूळ 'आणि'कडे परत येऊ. व्यंकटरामन प्रकरणात न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी तो स्पष्ट केला: कलम २०(२) चं संरक्षण हवं असेल तर पहिल्या वेळी खटला आणि शिक्षा, दोन्ही झालेलं असलं पाहिजे. एक असून चालणार नाही.

याचा अर्थ काय होतो? ज्याच्यावर खटला चालला आणि जो निर्दोष सुटला, त्याला कलम २०(२) काही देत नाही. त्याला शिक्षाच झालेली नाही ना! मंडळी, हे विचित्र आहे. दोषी ठरून शिक्षा भोगलेल्याला मूलभूत हक्क आहे आणि निर्दोष सुटलेल्याला या कलमात जागा नाही.

मग निर्दोष सुटलेल्या माणसाला वाचवतं कोण? तेच जुनं कलम. १८९८ च्या संहितेतलं ४०३, जे १९७३ च्या संहितेत ३०० झालं आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३३७ आहे. ते मूलभूत हक्कापेक्षा रुंद आहे. त्यात दोषी ठरणं आणि सुटणं दोन्ही येतं. इतकंच नाही, त्याच तथ्यांवर जो दुसरा आरोप पहिल्याच वेळी ठेवता आला असता, तोही नंतर ठेवता येत नाही. संहितेतलंच उदाहरण आहे: नोकराने मालकाकडे चोरी केली असा आरोप होता, तो सुटला. ती सुटका अमलात असेपर्यंत त्याच तथ्यांवर 'बरं, मग साधी चोरी' किंवा 'बरं, मग विश्वासघात' असं म्हणून त्याला पुन्हा उभं करता येणार नाही. अपवादही आहेत. मारहाणीची शिक्षा झाली आणि नंतर त्याच मारामुळे जखमी माणूस दगावला, तर मृत्यूबद्दल नवा खटला चालू शकतो, कारण पहिल्या वेळी तो मृत्यू घडलाच नव्हता. आणि आरोप निश्चित होण्याआधी नाव वगळलं गेलं, ज्याला आपण डिस्चार्ज म्हणतो, ते निर्दोष सुटणं नव्हे. हे पक्षकारांनी वकिलाला आवर्जून विचारावं. 'सुटलो' म्हणून पेढे वाटण्याआधी, कसे सुटलो ते बघावं.

'अमलात असेपर्यंत' हे शब्दही महत्त्वाचे. अमेरिकेत ज्यूरीने सोडलं की सरकारला त्यावर अपील नाही. आपल्याकडे आहे, आणि अपील म्हणजे दुसरा खटला नव्हे, तोच खटला वरच्या पायरीवर, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्येच म्हटलं. नानावटी खटला सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबर १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी कमांडर नानावटींना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे १९६० मध्ये जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हे दोनदा झालं का? आपल्या कायद्यात नाही. खटला एकच, तो संपलाच नव्हता.

याहून अवघड उदाहरण बडोद्याच्या बेस्ट बेकरीचं. १ मार्च २००२ ला तिथे चौदा माणसं मारली गेली. जून २००३ मध्ये बडोद्याच्या न्यायालयाने सगळ्या २१ आरोपींना सोडलं, कारण साक्षीदार उलटले. उच्च न्यायालयाने सुटका कायम ठेवली. पण एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, खटला नव्याने चालवायला सांगितलं आणि तो गुजरातबाहेर, महाराष्ट्रात पाठवला. मुंबईत, माझगावच्या विशेष न्यायालयात, फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ जण दोषी ठरले आणि आठ सुटले. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या नवांपैकी चौघांची शिक्षा कायम ठेवली आणि पाच जणांना सोडलं.

इथे आरोपी म्हणू शकत होते की आम्ही एकदा सुटलो आहोत. पण जिथे साक्षीदार मोकळेपणाने बोलूच शकत नाहीत, तिथे खटला झाला म्हणायचं का? सर्वोच्च न्यायालयाने पहिला खटला खरा खटला मानला नाही. मला हा निकाल योग्य वाटतो, पण त्याची किंमतही दिसते. जे पाच जण २०१२ मध्ये सुटले, ते घटनेनंतर दहा वर्षांनी सुटले. दुहेरी खटल्याचं तत्त्व जन्माला आलं ते याच माणसासाठी: ज्याच्या डोक्यावर टांगती तलवार कायम ठेवायची नाही. आणि दुसऱ्या बाजूला मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक असतात. ते विचारतात, नाटक एकदा झालं म्हणून न्याय कायमचा बंद? दोघंही खोटं बोलत नाहीत. म्हणूनच पुन्हा खटल्याचा आदेश हा वरच्या न्यायालयाने, अपिलात, कारणं लिहून आणि क्वचितच द्यायचा असतो.

मग माझं म्हणणं काय? माझं म्हणणं एवढंच, की आपण या हक्काचं श्रेय चुकीच्या पानाला देतो. शाळेत शिकवतात: दुहेरी शिक्षेपासून संरक्षण, कलम २०(२). पण सामान्य माणसाला रोज वाचवणारं काम बरंचसं संहितेतलं जुनं कलम करतं. आणि दोन्हींत मोठा फरक आहे. मूलभूत हक्क संसदेला साध्या बहुमताने काढून घेता येत नाही. संहितेचं कलम साध्या कायद्याने बदलता येतं.

ही नुसती भीती नाही. इंग्लंडमध्ये हे घडलं आहे. १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा वर्णद्वेषातून खून झाला. १९९६ मध्ये काही आरोपी सुटले, त्यात गॅरी डॉब्सन होता. आठशे वर्षांचं तत्त्व त्याच्या बाजूने होतं. २००३ मध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलला: गंभीर गुन्ह्यांत नवा आणि भक्कम पुरावा मिळाला, तर अपील न्यायालयाच्या परवानगीने सुटलेल्यावर पुन्हा खटला चालवता येईल. जानेवारी २०१२ मध्ये डॉब्सन दोषी ठरला. त्या प्रकरणात बदलाने न्याय झाला असं बहुतेकांना वाटतं. पण तो बदल विचार करून, अटी घालून झाला. आपल्याकडे उद्या असा बदल आला, अटींसह किंवा अटींशिवाय, तर कलम २०(२) त्याला अडवणार नाही. मनेका गांधी निकालानंतर कायद्याची प्रक्रिया न्याय्य आणि वाजवी असावी लागते, त्यामुळे कलम २१ च्या आधारे झगडता येईल. पण झगडावं लागेल. लिहिलेला हक्क हातात असणं आणि वाद घालून मिळवावा लागणं, यात फरक आहे. १९४८ मध्ये सरकारी नोकराच्या बडतर्फीचा विचार करताना निर्दोष सुटलेला माणूस कलमाच्या बाहेर राहिला. एका 'आणि'मुळे.

आता आपले कारखानदार. बसलेत ना अजून? हो, दिसले.

काका, २००३ च्या वीज कायद्याचं कलम १३५ वीजचोरीचं आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की आकारलेलं बिल भरलं की ४८ तासांत वीज जोडून द्यायची, पण तक्रार दाखल करण्याचं बंधन त्याने संपत नाही. म्हणजे तुम्ही भरलेले पैसे वापरलेल्या विजेचे आहेत. ते मकबूल हुसेनच्या सोन्यासारखे आहेत. ते घेणारं न्यायालय नव्हतं. म्हणून कलम २०(२) तुमच्या कामाला येणार नाही.

पण त्याच कायद्यात कलम १५२ आहे, तडजोडीचं. ही रक्कम बिलापेक्षा वेगळी. मूळ कायद्यातल्या तक्त्यात उद्योगासाठी ती किलोवॅटमागे २०,००० रुपये आहे. ती घ्यायची की नाही हे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हातात असतं. एकदा ती स्वीकारली, की तुमच्यावर फौजदारी कारवाई सुरू करता येत नाही आणि सुरू असेल तर चालवता येत नाही. आणि कायदा पुढे काय म्हणतो बघा: ही रक्कम स्वीकारणं म्हणजे संहितेच्या कलम ३०० च्या अर्थाने तुमची निर्दोष सुटका मानली जाईल. संविधानाचं नव्हे, संहितेचं कलम! फक्त एक अट. ही सवलत एका ग्राहकाला आयुष्यात एकदाच.

तेव्हा उद्या वकिलाकडे जाल तेव्हा 'मला दोनदा शिक्षा होतेय' असं म्हणू नका. विचारा, 'मी भरलं ते फक्त बिल होतं, की तडजोडीची रक्कमही होती?' पावती सोबत न्या. तुमचं उत्तर संविधानात नाही, त्या पावतीवर आहे.